तपासणाऱ्याची सही

नानांना कुणाशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते त्या माणसाचा दंड धरून त्याला पॉवर प्रेसपाशी न्यायचे. चाकणच्या आमच्या कंपनीत पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या नऊ प्रेस एका ओळीत उभ्या होत्या. त्या चालू असल्या की पायाखालची फरशी हलायची आणि कानात बोळे घातल्याशिवाय तिथं उभं राहता येत नसे. अशा जागी नाना आपल्याला उभं करायचे आणि बोलायला लागायचे. हातवारे, भुवया, मध्येच खांद्यावर थाप, सगळं यथासांग. आवाज तेवढा ऐकू यायचा नाही. पाच-दहा मिनिटांनी ते "कळलं का?" अशा अर्थानं हनुवटी उडवायचे, आपण मान हलवायची, आणि ते समाधानानं साचे दुरुस्त करायच्या टूलरूमकडं परतायचे.

याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नाना बोलताना अडखळायचे. शांत जागेत त्यांची जीभ पहिल्याच अक्षरावर बसकण मारायची. ते त्याला 'जाम' म्हणायचे. "आज लई जाम हाय" एवढं सांगायलाही कधीकधी अर्धं मिनिट लागायचं. पण प्रेसच्या दणदणाटात, जिथं आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, तिथं त्यांची जीभ तेल घातल्यासारखी चालायची. प्रेसवर वर्षानुवर्षं काम केलेले ऑपरेटर ओठ वाचायला शिकतात. त्यांच्या मते सबंध कंपनीत नानांसारखा वक्ता दुसरा नव्हता.

मी बीडकडून नवा आलो होतो, क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून. चौथ्याच महिन्यात नोकरी सोडून गावी जायचं माझं ठरलं. हे नानांच्या कानावर गेलं. त्यांनी मला प्रेसपाशी नेलं आणि सलग वीस मिनिटं माझ्याशी बोलले. मला ओठ वाचता येत नव्हते. एक अक्षर कळलं नाही. पण पंचावन्न उलटलेला एक माणूस, जो बाहेर चहासुद्धा बोटांनी मागतो, तो आपल्यासाठी वीस मिनिटं घाम पुसत बोलतोय, हे कळलं. मी नोकरी सोडली नाही. ते त्या दिवशी काय म्हणाले होते, हे मी पुढं कधी विचारलंही नाही. विचारलं असतं तर पुन्हा प्रेसपाशी न्यायचे.

नाना चिखली गावठाणातले. बापजाद्यांची शेती होती, तिच्यावर आता लहानमोठी वर्कशॉप्स उभी आहेत. त्यातल्याच एका वर्कशॉपात झाडू मारता मारता ते डाय दुरुस्त करायला शिकले. डाय म्हणजे ज्या पोलादी साच्यात पत्रा दाबला जातो तो. त्याची कड केसभर जरी बोथट झाली तरी माल बिघडतो. नाना ती कड नखानं तपासायचे आणि मग मोजमापाचं यंत्र लावायचे. यंत्र बहुतेक वेळा नखाशी सहमत असायचं. डिप्लोमा नाही, आयटीआय नाही, उस्ताद नाही. सगळं आपलं आपण शिकलेलं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्यांची शिकायची पद्धत अख्ख्या टूलरूमला पाठ होती. त्यांच्या टेबलापाशी दोन स्टुलं असायची, एक उंच, एक बुटकं. नवीन काम आलं की नाना आधी उंच स्टुलावर बसून प्रश्न विचारायचे, मग उठून बुटक्या स्टुलावर बसून त्याचं उत्तर द्यायचे. मनातल्या मनात, पण ओठ हलायचे. उंच स्टुलावरचा नाना उस्ताद, बुटक्यावरचा नाना हाताखालचा. उस्तादाला ते अहोजाहो करायचे आणि हाताखालच्याला अरेतुरे. काम बिघडलं की हाताखालच्याचा चहा बंद. सगळे चहा पिताना नाना कोपऱ्यात नुसते बसलेले दिसले की समजायचं, आज उस्तादानं शिक्षा केलीय.

"नाना, आज कोण कोण हजर आहे?" टूलरूमचा सुपरवायझर विचारायचा.

नाना दोन बोटं दाखवायचे. कधी एकच दाखवायचे. तो दिवस वाईट असायचा.

त्यांची एक म्हण होती. म्हण त्यांनीच केलेली. "दुसऱ्याची अक्कल म्हंजी भाड्याची खोली. घरमालक कवाबी निघ म्हनंल." चिखलीत तीन पोरांत एक खोली घेऊन राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे लगेच पटायचं.

अशा माणसाला मी एक दिवस सांगितलं की मी कोच लावलाय.

झालं होतं असं. रोज सकाळी सव्वासातला चाळीस माणसांपुढं उभं राहून आदल्या दिवशी किती माल बाद झाला आणि का झाला, ते सांगायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी उभा राहिलो की गुडघे लटलटायचे, कागदावरचे आकडे डोळ्यांपुढं नाचायचे. साहेब म्हणाले, "बोलायला शीक, नाहीतर ट्रेनीचाच शर्ट घालून म्हातारा होशील." फोनवर जाहिरात बघितली आणि मारुंजीच्या एका बाईंकडं जायला लागलो. त्या आधी हिंजवडीला आयटीत होत्या. ती नोकरी सोडून एकेका माणसाला वेगळं घेऊन बोलायला, उभं राहायला, ध्येय ठरवायला शिकवायच्या. दर गुरुवारी, आमच्या साप्ताहिक सुट्टीला, मी मोटरसायकल काढून त्यांच्या फ्लॅटवर जायचो.

नानांना हे बसमध्ये सांगितलं. आमची कंपनीची बस एकच, तेही चिखलीला उतरायचे. ते हसून हसून खोकले. मग बसच्या खडखडाटाचा फायदा घेत म्हणाले, "घाबरतो तू, पाय लटलटत्यात तुजं, आन शिकवनार ती बाई? तिला काय ठावं तुज्या मदी काय हाय त्ये? तूच तुला इचार की लेका."

"नाना, मी मला विचारलं की मी मला गावाकडं जा म्हणतो."

"मंग तुजा उस्ताद कच्चा हाय," नाना म्हणाले. "त्याला बदल. बाईकडं कशाला?"

तरी दर शुक्रवारी बसमध्ये बसल्या बसल्या त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "काल काय सांगितलं बाईनं?" मी सांगायचो. बाईंनी आरशापुढं उभं राहून बोलायला सांगितलं, की दोन दिवसांत नानांनी एक जुनी डाय-प्लेट घासून घासून अशी लख्ख केली की तिच्यात दाढीचे खुंट मोजता यावेत. ती टेबलावर भिंतीला टेकवून ते तिच्याशी बोलायला लागले. बाईंनी श्वास मोजायला सांगितले, की नाना बसमध्ये डोळे मिटून श्वास मोजायचे आणि चिखली आली की मला त्यांना हलवून उतरवावं लागायचं. बाईंनी 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता' असं विचारलं, तेव्हा मी रात्रभर डोकं खाजवलं. नानांनी एका शब्दात उत्तर दिलं, "रिटायर." माझ्या प्रत्येक गृहपाठाची एक नक्कल नानांच्या टेबलावर तयार होत होती. मला वाटायचं, म्हातारा माझी थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. हे मला त्यांच्या टेबलाचा खण उघडला तेव्हा कळलं. मी एक मापपट्टी शोधत होतो. खणात, तेलाच्या डागांखाली, आमच्या कंपनीचं छापील चेकशीट होतं. प्रत्येक तयार भागासाठी आम्ही जे भरतो तेच. तारीख, भाग, निकाल, करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. 'भाग' या रकान्यात रोज एकच वाक्य लिहिलेलं होतं, नानांच्या पोलादी अक्षरात: माझी मुलगी नोकरी सोडणार नाही. आणि निकालाच्या रकान्यात खालपर्यंत ओके, ओके, ओके.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी त्यांना विचारलं. चाकणपासून चिखलीपर्यंत, सबंध रस्ताभर, नाना मला सांगत होते. बस जिथं वाहतुकीत अडकायची आणि इंजिन मंद व्हायचं तिथं तेही अडकायचे. बस निघाली की पुन्हा सुरू.

नानांना दोन मुली. थोरलीनं डिप्लोमा केला आणि चिखलीतल्याच एका वर्कशॉपात कॉम्प्युटरवर डायची डिझाइनं काढायला लागली. बापाची विद्या, पण बापाला न येणाऱ्या यंत्रावर. संध्याकाळी दोघं जमिनीवर कागद पसरून बसायची. ती रेघ ओढायची आणि नाना नखानं सांगायचे, हितं कड टिकनार न्हाई. तिचं लग्न ठरवायची बैठक बसली तेव्हा नानांच्या वतीनं त्यांचे मेहुणे, म्हणजे पोरींचे मामा बोलले. नेहमी तेच बोलायचे. जमिनीच्या व्यवहारात, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडं. नानांनी तोंड उघडून पहिल्या अक्षराला हात घालेपर्यंत मामांचं वाक्य संपलेलं असायचं. त्या बैठकीत तळेगावच्या सोयऱ्यांनी नोकरीचा विषय काढला आणि मामा म्हणाले, "त्याची काळजी नको, पोरगी सोडंल नोकरी." नाना बोलायला गेले. जीभ जाम. तोवर पेढे फिरले. थोरलीनं नोकरी सोडली. याला आठ वर्षं झाली होती.

"आन आता धाकटीचं आलंय," नाना म्हणाले. धाकटी भोसरीच्या एका दवाखान्यात नर्स होती. मोशीचं स्थळ चालून आलं होतं. मुलगा पसंत, मुलगी पसंत, बैठक दोन महिन्यांवर. "ह्या बारीला म्या बोलनार. एकच वाक्य हाय. त्ये पाठ करतोय."

"कुठं पाठ करता?"

"प्रेसपाशी. एकदाबी अडत न्हाई."

मी क्वालिटीचा माणूस, शिवाय वय लहान. जे दिसलं ते बोलून गेलो. "नाना, पण चेकशीटवर दोन्ही सह्या तुमच्याच आहेत."

आमच्या धंद्यात हा फार मोठा आरोप आहे. ज्यानं भाग केला त्यानं तो पास करायचा नसतो. एकदा तपासनीस रजेवर असताना घाईचं काम होतं. सुपरवायझर म्हणाला, "नाना, तुमचंच काम आहे, तुम्हीच ओके मारा." नानांनी पेनाला हात लावला नव्हता. अर्धा दिवस मालाची गाडी उभी राहिली, सुपरवायझर बोंबलला, नाना हलले नाहीत. "करनारा म्या, तपासनाराबी म्याच? मंग चूक कुनाला दिसंल?" हे त्यांचंच वाक्य होतं. टूलरूममध्ये कुणीतरी ते भिंतीवर खडूनं लिहूनही ठेवलं होतं. आणि इथं दोन महिन्यांचं चेकशीट, जिथं कुणालाच काही ऐकू येत नाही अशा जागी बोललेली वाक्यं, आणि खाली उस्तादाची सही आणि हाताखालच्याची सही, दोन्ही एकाच वळणाच्या.

नानांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचे तीन दिवस बसमध्ये ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसलो. चौथ्या दिवशी ते स्वतः उठून माझ्या शेजारी आले. नवीन, कोरं चेकशीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि तपासणाऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

मला काय तपासता येणार? मी म्हणालो, "आधी आपण मारुंजीला जाऊ."

ते यायला तयार नव्हते. भाड्याची खोली, घरमालक, सगळं ऐकवून झालं. शेवटी एका गुरुवारी मोटरसायकलवर मागं बसले, पण इमारतीखाली आल्यावर "तू जा वर, म्या हितं थांबतो" म्हणून वॉचमनच्या खुर्चीवर ठाण मांडलं. बाईच खाली आल्या. पार्किंगमध्ये दुसरी खुर्ची मागवून त्यांच्यासमोर बसल्या. त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं की जीभ अडण्याचं शास्त्र त्यांना येत नाही. त्यासाठी वेगळे, शिकलेले थेरपिस्ट असतात आणि हवा असेल तर त्या पत्ता देतील. नानांनी मान डोलावली. ज्या माणसाला आपलं काय येत नाही ते ठाऊक आहे, त्याच्याबद्दल त्यांना आदर असायचा.

मग बाई म्हणाल्या, "एकच विचारते, काका. तुम्ही अडलात की तुमचं वाक्य पूर्ण कोण करतं?"

नानांनी बोटं मोजायला सुरुवात केली. बायको. मेहुणा. चहावाला. सुपरवायझर. मग थांबले, माझ्याकडं वळले आणि बोट माझ्या छातीवर टेकवलं.

मला लाज वाटली. खरंच होतं. मी त्यांच्यावर माया करायचो, आणि मायेपोटीच त्यांच्या तोंडातली वाक्यं काढून घ्यायचो. ते 'च' वर अडले की मी "चहा?" म्हणायचो, आणि ते हो म्हणायचे, चावी म्हणायची असली तरी. जन्मभर माणसं त्यांना अशीच मदत करत आली होती. एवढ्या वर्षांत दोन स्टुलांवर बसूनही हा प्रश्न नानांना स्वतःला विचारायचा सुचला नव्हता, आणि तो बाईंनी पार्किंगमध्ये दहा मिनिटांत विचारला. परत येताना डांगे चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा नाना मागून म्हणाले, "बाई हुशार हाय." आणि थोड्या वेळानं, "पर बोलाया तर मलाच लागनार."

त्यानंतर दर गुरुवारी नाना माझ्या खोलीवर यायला लागले. माझे दोन्ही सोबती सिनेमाला हाकलले जायचे. खिडकी बंद, पंखा बंद, नानांच्या हुकमावरून. त्यांनी वाक्य म्हणायचं आणि मी नुसतं बसायचं. शिकवायचं नाही, सुचवायचं नाही, पूर्ण करायचं नाही. हे किती अवघड असतं हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी ते 'मा' वर अडले तेव्हा मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. मग वाक्य बाहेर आलं, तुकडे तुकडे होऊन. त्यांनी चेकशीट पुढं केलं. मी 'ओके' लिहायला गेलो तर त्यांनी हात धरला.

"खरं लिव्ह."

मी 'रिवर्क', म्हणजे दुरुस्तीला परत, असं लिहिलं आणि सही केली. ते खूश झाले. पाच आठवडे रिवर्कच लिहीत होतो. त्यांची जीभ सुटली असं मी म्हणणार नाही, कारण सुटली नाही. फरक एवढाच पडला की अडल्यावर ते आता मान खाली घालत नव्हते. समोर बघत थांबायचे. सहाव्या गुरुवारी ते तीनदा अडले आणि तरी शेवटपर्यंत पोचले, माझ्या डोळ्यांत बघत. मी 'ओके' लिहिलं. नानांनी विचारलं, "अडलं की." मी म्हणालो, "अडलं. पण सांडलं काहीच नाही."

माझं स्वतःचं सकाळचं बोलणं दरम्यान बरंच सुधारलं होतं. बाईंमुळं की या मुक्या गुरुवारांमुळं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

बैठक नानांच्या घरी होती. मला "कंपनीतला पोरगा" म्हणून बोलावलं होतं, मी दाराजवळच्या खुर्चीवर. मोशीची आठ-दहा माणसं, पांढरेशुभ्र कपडे, टोप्या. मधोमध मामा, इस्त्री मोडू नये अशा बेतानं बसलेले. माणूस वाईट नव्हता. बहिणीच्या संसाराला आपणच टेकू आहोत असं त्याला वाटायचं आणि ते पुष्कळ अंशी खरंही होतं. आतल्या दाराशी थोरली उभी होती, तळेगावहून आलेली, कडेवर लेक. पोहे झाले, ओळखीपाळखी निघाल्या. मग मुलाच्या वडिलांनी विषय काढला.

"नोकरीचं कसं मग? दवाखान्यात रातपाळी असती म्हनत्यात."

"त्याचं काय हाय..." मामा सरसावले.

नानांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मामा चमकून थांबले. नाना मुलाच्या वडिलांकडं बघून बोलायला लागले आणि 'मा' वरच अडले.

सगळं घर थांबलं. पाच सेकंद, दहा सेकंद. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. मुलाच्या वडिलांना दया आली, ते म्हणाले, "मान्य हाय का, नाना? मान्यच म्हना की." नानांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा 'मा'. मामांना राहवेना. "म्हंजी दाजींना असं म्हनायचंय की..."

"त्यांना बोलू द्या."

हे मी बोललो होतो. वयानं, नात्यानं, मानानं त्या खोलीत सगळ्यात शेवटचा माणूस. सगळ्या टोप्या माझ्याकडं वळल्या. मी नानांकडं बोट दाखवलं.

आणि नाना बोलले. अडत, थांबत, समोर बघत. "माझी मुलगी नोकरी सोडनार न्हाई." शेवटच्या शब्दाला त्यांना इतका वेळ लागला की नोकरी सोडणार की सोडणार नाही, हे ऐकायला सगळी खोली पुढं वाकली होती. मग कुठल्याही चेकशीटवर नसलेलं आणखी एक वाक्य आलं. "रातपाळीबी करंल."

मुलाची आई बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, "येवढं जीव तोडून सांगितल्यावं मोडायचं कसं? करू दे की." मुलाच्या वडिलांनी टोपी सारखी केली आणि साखरपुड्याच्या तारखेकडं वळले. नानांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता आणि ते लहान मुलासारखे हसत होते. मला रडू येत होतं. मी बाहेर जाऊन चपला सारख्या करायचं नाटक केलं.

मंडळी गेल्यावर थोरली कपबशा गोळा करत होती. नानांच्या हातातला कप घेताना तिनं विचारलं. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात.

"बाबा, माझ्या येळी का न्हाई बोललात?"

नानांनी तोंड उघडलं. थोरली थांबली, पुष्कळ वेळ थांबली. पण या वेळी जीभ जाम नव्हती, सांगायलाच काही नव्हतं. ती कप घेऊन आत गेली.

आता प्रेसना चारी बाजूंनी बंद पेट्या बसवल्यात. त्यांच्यापाशी उभं राहून माणसं फोनवर बोलतात. टूलरूममध्ये नवी पोरं आहेत आणि मनुष्यबळ विभाग दरवर्षी एक फॉर्म पाठवतो, तुम्हाला व्यक्तिगत कोच हवा आहे की स्वयंप्रशिक्षण, एका चौकोनात खूण करा. माझ्या हाताखाली आता अकरा माणसं आहेत. ती मला विचारतात, सर, कुठली खूण करायची? मी सांगतो, काहीही करा, पण आधी एक माणूस शोधा जो गप्प बसू शकतो. त्यांना वाटतं सर विनोद करतायत. अशा वेळी मला नानांची फार आठवण येते. ते चिखलीतच आहेत, रिटायर, एका वर्कशॉपात रोज दोन तास फुकट जाऊन बसतात. भेटायला जायला तसं काहीच अंतर नाही. तरी आठवण ती आठवणच. तो बसमधला खडखडाट आणि दर शुक्रवारचा "काल काय सांगितलं बाईनं?" काही परत येत नाही.

पण थोरलीचं सांगायचं राहिलं.

त्या बैठकीनंतरच्या गुरुवारी नाना सकाळीच माझ्या दाराशी आले. अंगात बैठकीचाच सदरा. "तळेगावला जायचं," म्हणाले. मी कशाला म्हणून विचारलं नाही. तळेगाव दाभाड्याच्या जुन्या गावात थोरलीचं सासर. सासरे ओटीवर पेपर वाचत होते, व्याह्यांना असं अचानक बघून गडबडले. पाणी झालं, चहा टाकला गेला. थोरली दाराशी येऊन उभी राहिली. नाना खुर्चीच्या कडेवर बसले आणि बोलायला लागले. आठ वर्षांचं साठलेलं, त्यामुळं फार अडलं. सासरे चांगले, पेपर घडी करून ऐकत बसले. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

"माझी थोरली... पुन्ना कामाला जाईल. तुमी... नको म्हनू नगा."

सासऱ्यांनी चष्मा काढला. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

"आमी कवा नको म्हटलं?" ते म्हणाले. "त्या बैठकीत म्या नुसतं इचारलं, नोकरीचं कसं करनार म्हनून. हितनं चिखली लांब, तर गाडी घेऊन द्यावी का, असं मनात व्हतं. तुमचं मेहुणंच म्हनलं, पोरगी सोडंल. आमाला वाटलं, तुमचीच तशी इच्छा हाय. पोरीच्या बापाच्या शब्दाबाहेर कशाला जायचं म्हनून आमी गप."

नाना त्यांच्याकडं बघत राहिले. मी थोरलीकडं बघू शकत नव्हतो. आठ वर्षं तिला वाटत होतं सासरला नको आहे, सासरला वाटत होतं बापाला नको आहे, आणि बापाला वाटत होतं की सगळा दोष आपल्या जिभेचा.

"मला तरी इचारायचं कुनीतरी," थोरली म्हणाली.

नानांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलायला लागले. सासरे उठून त्यांच्या शेजारी बसले आणि पाठीवर हात फिरवत राहिले. आत दूध उतू गेल्याचा वास आला तशी थोरली पळाली. चहा घेऊन आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं. तिनं आधी वडिलांना दिला, मग सासऱ्यांना, मग मला. ट्रे हातात तसाच धरून ती माझ्यापुढं उभी राहिली.

"तुमच्या कंपनीत डायची डिझाइनं आता कशावर करत्यात?" तिनं विचारलं. "माझ्या येळचं सॉफ्टवेअर तर आता नसंलच."

मी नाव सांगितलं. तिनं ट्रे खाली ठेवला, माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि ते नाव तळहातावर लिहिलं. स्पेलिंग दोनदा विचारलं.